पंचांचा अधिकार कुठवर?

पुणे–नाशिक महामार्गाने चाकण, राजगुरुनगर, मंचर मागे टाकून पश्चिमेला वळलं, की आंबेगाव-जुन्नरचा आदिवासी पट्टा लागतो. इथल्या महादेव कोळी समाजाची जुन्नरला एकेकाळी स्वतःची न्यायसभा होती. तिचं नाव गोतरणी. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये तिची तपशीलवार नोंद आहे. नायकाच्या हुकमतीखाली वंशपरंपरेने आलेले सहा मानकरी काम पाहत. प्रमुख तो रगतवान. एक जण गावोगाव फिरून गुन्ह्यांचा माग काढी, दुसरा दोषी माणसाच्या दारावर उंबराची किंवा जांभळाची फांदी लावी. हाडक्या दाराला गाईचं हाड बांधी, की ते घर वाळीत पडे. मडक्या घरातली मातीची मडकी बाहेर काढी.

तंटा घरच्या घरी मिटवायचा आणि न ऐकणाऱ्याला समाजाबाहेर काढायचं, अशी दुहेरी सत्ता या पंचांकडे होती. आजच्या राज्यसंस्थेने त्यातली एक उचलून धरली आहे, दुसरी गुन्हा ठरवली आहे.

1996 च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला रूढी-परंपरा, सामूहिक साधनसंपत्ती आणि तंटे सोडवण्याची पारंपरिक रीत जपण्याचा अधिकार दिला. महाराष्ट्राचे नियम 2014 मध्ये आले. त्यांनुसार एखाद्या वाडीला किंवा पाड्यालाही स्वतंत्र गाव म्हणून आपली ग्रामसभा मागता येते. गोतरणीत मान घराण्याचा होता. ग्रामसभेत मतदार यादीतली प्रत्येक बाई आणि प्रत्येक पुरुष सभासद असतो. हा बदल फार मोलाचा आहे.

दुसऱ्या सत्तेचं काय होतं, ते पिंपरीच्या भाटनगरातल्या कंजारभाट समाजात दिसलं. इंग्रजांनी कायदा करून कंजारभाटांसारख्या अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला होता. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. पोलीस दारात आले की धाकच वाटायचा, अशा काळात माणसं न्यायासाठी जातपंचायतीकडेच वळली. पण याच पंचायतीच्या आधाराने नववधूची कौमार्य चाचणीही टिकून राहिली. समाजातल्याच विवेक तमायचीकर आणि इतर तरुण-तरुणींनी तिच्याविरुद्ध मोहीम उघडली. जानेवारी 2018 मध्ये भाटनगरातल्या एका लग्नात या मोहिमेतल्या तरुणांना मारहाण झाली.

तोवर राज्याचा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा लागू झाला होता. विधिमंडळाने तो 2016 मध्ये मंजूर केला आणि जुलै 2017 पासून तो अमलात आला. वाळीत टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पेसाने उचलून धरलेल्या पहिल्या सत्तेबाबत मात्र, चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याची गोष्ट अपुरी आहे. भोरगिरीसारखी इथली आदिवासी गावं आंबेगावच्या गावांसारखीच भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहेत. पण 1985 च्या आदेशाने पुणे जिल्ह्यात आंबेगाव आणि जुन्नरमधलीच काही गावं अनुसूचित क्षेत्रात आली, खेड बाहेर राहिला. 2006 च्या वनहक्क कायद्याखाली इथल्या ग्रामसभाही जंगलावर सामूहिक दावा करू शकतात. पेसाचे अधिकार हवे असतील, तर मात्र राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित क्षेत्राची हद्द वाढावी लागेल.