सुट्टीतल्या गावाची भाषा

एकांकिकेचं स्क्रिप्ट लिहायला बसलाय. पहिली दोन पानं झकास जमलीत आणि तिसऱ्या पानावर लक्षात येतं, की आपली पात्रं कुठल्या तरी वेब सीरिजमधल्यासारखी बोलतायत. आपल्या घरी, कट्ट्यावर, एसटी स्टँडवर असं कुणीच बोलत नाही! ओळखीचं वाटतंय ना? मग मार्टिन मॅकडोना या माणसाची गोष्ट तुमच्यासाठीच आहे.

नाव ऐकलं नसेल, तरी काम पाहिलेलं असण्याची शक्यता बरीच आहे. 'थ्री बिलबोर्ड्स आउटसाइड एबिंग, मिसूरी'मधली ती खमकी आई आठवते? मुलीच्या खुनाचा तपास पोलीस करत नाहीत म्हणून हायवेवरचे तीन होर्डिंग भाड्याने घेणारी? किंवा 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन'मधला तो साधा माणूस, ज्याला त्याचा जिवलग मित्र एका दुपारी सांगतो, की आजपासून तुझ्याशी बोलणार नाही? हे दोन्ही सिनेमे मॅकडोनाने लिहिले आणि दिग्दर्शित केलेत. पण तो मुळात नाटकवाला.

ना डिग्री, ना ओळख

मॅकडोनाचा जन्म १९७० मधला, लंडनच्या कॅम्बरवेल भागातला. आईवडील आयर्लंडचे. वडील कॉनेमाराचे, आई स्लायगोची. कामासाठी ते लंडनला आले होते. म्हणजे मुलगा वाढला लंडनच्या रस्त्यांवर, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत जायचा आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर. मुंबई-पुण्यात वाढून मे महिन्यात कोकणात किंवा देशावर जाणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको.

सोळाव्या वर्षी त्याने शाळा सोडली. नाट्यशास्त्राची पदवी नाही, कुणाची ओळख नाही. मधली काही वर्षं बेकारभत्त्यावर आणि किरकोळ नोकऱ्यांवर काढली. कधी सुपरमार्केट, कधी सरकारी ऑफिसात कारकुनी. थोरला भाऊ जॉन मायकेल हाही लिहिणारा ('द गार्ड' आणि 'कॅल्व्हरी' हे सिनेमे त्याचे). मार्टिनने बीबीसीकडे रेडिओ नाटकं पाठवली. एक, दोन नाही, तब्बल २२. सगळी साभार परत!

मग बदललं काय?

त्याच्याच सांगण्यानुसार, लंडनमधली पात्रं लिहायला गेला, की ती हॅरोल्ड पिंटर आणि डेव्हिड मॅमेट या त्याच्या आवडत्या नाटककारांची नक्कल वाटायची. मग त्याने पात्रं उचलली आणि थेट कॉनेमारात नेऊन ठेवली. सुट्टीत ऐकलेलं काकालोकांचं बोलणं त्याच्या कानात होतंच. त्या भागात आयरिश भाषा अजून बोलली जाते, त्यामुळे तिथल्या इंग्रजीची वाक्यरचनाही वेगळी. कर्ता-क्रियापदाची जागा बदलते, एकच शब्द फिरून फिरून येतो, साधा चहाही भांडणासारखा मागितला जातो. ही बोली मिळाल्यावर त्याचा पेन सुटलाच. १९९४ मध्ये, घरात एकटा असताना, साधारण नऊ-दहा महिन्यांत त्याने सात नाटकांचे खर्डे लिहिले.

त्यातलं 'द ब्यूटी क्वीन ऑफ लीनॅन' गॉलवे शहरातल्या 'ड्रुइड' या नाट्यसंस्थेपर्यंत पोचलं. तिथल्या दिग्दर्शिका गॅरी हाइन्स यांनी या अनोळखी पोराच्या संहितेवर विश्वास टाकला आणि फेब्रुवारी १९९६ मध्ये ते गॉलवेच्या टाउन हॉल थिएटरमध्ये उभं राहिलं. पुढे लंडन, मग ब्रॉडवे. १९९८ मध्ये या प्रयोगाला चार टोनी पुरस्कार मिळाले. नाटकाच्या दिग्दर्शनाचा टोनी मिळवणाऱ्या हाइन्स या पहिल्या महिला ठरल्या. त्याआधीच, १९९७ मध्ये, मॅकडोनाची चार नाटकं एकाच वेळी लंडनमध्ये चालू होती. तेव्हा त्याचं वय होतं २७!

एक चिठ्ठी, एक शेगडी

लिहिणाऱ्यांनी 'ब्यूटी क्वीन' का वाचावं, याचं एक उदाहरण देते. चाळिशीची अविवाहित मॉरीन आणि तिची सत्तरीची, सतत कुरकुरणारी आई. डोंगरात एकटं घर. मॉरीनच्या आयुष्यात एक माणूस येतो आणि इंग्लंडहून तिला पत्र लिहितो. हे पत्र तो रंगमंचावर आपल्याला अख्खं ऐकवतो. भावाला बजावतो, मॉरीनच्याच हातात दे. पुढच्या प्रवेशात भाऊ घरी येतो तर मॉरीन नाही, आई आहे. तो वाट बघतो. कंटाळतो. टीव्हीवर बडबडतो. आई शांत बसलीय, बाजूला शेगडी पेटलीय.

बास. एवढंच. ना बंदूक, ना पाठलाग, पण प्रेक्षक खुर्चीच्या टोकावर! कारण पत्रात काय आहे ते आपल्याला माहितीये आणि आई काय करू शकते तेही. प्रेक्षकाला पात्रापेक्षा थोडं जास्त माहीत असू द्यायचं आणि मग त्याला ताटकळत ठेवायचं, ही युक्ती शिकायला फिल्म स्कूलची फी लागत नाही.

आणखी एक भारी गोष्ट. १९९६ मध्ये मॉरीन साकारणाऱ्या मेरी मलन यांनी वीस वर्षांनी त्याच नाटकात आईची भूमिका केली. दिग्दर्शक पुन्हा गॅरी हाइन्सच!

'तू कुठला रे आयरिश?'

आता खरा मुद्दा. लंडनमध्ये वाढलेला मुलगा आयर्लंडच्या खेड्यातली माणसं अडाणी, हिंसक, विक्षिप्त दाखवतो आणि लंडन-न्यूयॉर्कचे प्रेक्षक हसतात. हे चालतं का? आयर्लंडमधल्या अनेकांनी हा आक्षेप घेतला आणि तो फालतू नाही. शहरातली मुलं स्पर्धेत 'गावरान' एकांकिका करतात आणि बोलीवरच हशा वसूल करतात, तेव्हा आपल्यालाही हाच प्रश्न पडायला हवा. 'थ्री बिलबोर्ड्स'वरही टीका झाली, की वंशद्वेष्ट्या पोलिसाला सहानुभूती मिळते आणि कृष्णवर्णीय पात्रं मात्र कडेलाच राहतात.

मॅकडोनाच्या बाजूनेही काही सांगता येतं. 'द क्रिपल ऑफ इनिशमान' हे नाटक बघा. १९३४ मध्ये आलेल्या 'मॅन ऑफ ॲरन' या सिनेमाच्या शूटिंगची पार्श्वभूमी त्याला आहे. बाहेरचे लोक येऊन बेटाचं रोमँटिक चित्र कसं रंगवतात, याचीच तो टर उडवतो. (२०१३ मध्ये लंडनला यातला बिली आपल्या हॅरी पॉटरने, म्हणजे डॅनियल रॅडक्लिफने केला होता.) 'द लेफ्टनंट ऑफ इनिशमोर'मध्ये तर मांजरासाठी खून पाडणारा अतिरेकी आहे. लंडनच्या मोठ्या थिएटर्सनी ते नाकारलं. अखेर २००१ मध्ये रॉयल शेक्सपिअर कंपनीने ते केलं. म्हणजे तो माणसांना हसतोय की माणसांच्या खोट्या अभिमानाला, हे प्रत्येक नाटकात नव्याने तपासावं लागतं. ते तपासणं प्रेक्षक म्हणून आपलं काम.

कॅमेऱ्याच्या मागे

सिनेमातही तो छोट्यापासून सुरू झाला. 'सिक्स शूटर' ही २७ मिनिटांची शॉर्ट फिल्म. नुकतीच बायको गेलेला माणूस आणि ट्रेनमध्ये समोर बसलेला तोंडाळ पोरगा. २००६ मध्ये तिला ऑस्कर मिळालं. २००८ च्या 'इन ब्रूज'ची कल्पना तर चक्क ट्रिपमधून आली. ब्रूज शहर बघताना तो आधी भारावला आणि मग बोअर झाला. या दोन मूडची त्याने दोन पात्रं केली, दोन भाडोत्री मारेकरी!

आणि 'बॅन्शीज'? १९२३ चं साल, समोरच्या किनाऱ्यावर यादवी युद्धाचे आवाज आणि बेटावर दोन मित्रांचं न कळणारं भांडण. नऊ ऑस्कर नामांकनं, मिळालं एकही नाही. सिनेमाचं त्याने काही बिघडलं नाही.

कुठून सुरुवात कराल? आधी 'सिक्स शूटर', मग 'इन ब्रूज', मग 'ब्यूटी क्वीन'ची संहिता मोठ्याने वाचा. आणि या सुट्टीत गावी जाल तेव्हा ओसरीवर काका-मामा भांडायला लागले, की मोबाइल बाजूला ठेवून जरा ऐका. फक्त ते बोलणं स्टेजवर आणाल तेव्हा एक खात्री करा: पहिल्या रांगेत तेच काका बसलेले असले, तरी तुम्हाला ते वाक्य तसंच ठेवावंसं वाटेल ना?