पोटात बाळ आणि अंगात गाठ



या पानांवर आम्ही एरवी बेणे, खोडवा, पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या खेपेस विषय घरातला आहे. गरोदर सुनेच्या छातीत गाठ लागली की आपल्याकडे रोहण्यात काय किंवा आर्वीत काय, एकच बोलणे होते : "दुधाची गाठ होय, बाळंतपण होऊन जाऊ दे, मंग पाहू." पुष्कळदा ती गाठ साधीच निघते. पण दर वेळी नाही. आणि जिची निघत नाही तिचे मोलाचे पाच-सहा महिने या एका वाक्यात जातात.

गरोदरपणात कर्करोग, म्हणजे आपण ज्याला कॅन्सर म्हणतो तो, साधारण हजार गरोदरपणांत एखादीला आढळतो. त्यात स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा अधिक. गरोदरपणामुळे तो होतो असे नाही; तो त्याच वेळी असतो, इतकेच. अडचण ही की खुणा सारख्याच. छाती भरून येते तेव्हा गाठ लपते, अंगावरून रक्त गेले तर "पोट सैल झाले असेल" म्हणून विश्रांती सांगितली जाते. दोन आठवड्यांत न विरघळणारी गाठ आणि अंगावरून जाणारे रक्त, ही दोन्ही डॉक्टरांना दाखवलीच पाहिजेत. रक्त गेले तर त्याच दिवशी. सोनोग्राफीने बाळाला इजा होत नाही. सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणेही गरोदरपणात करता येते.

आता लोक सर्वांत जास्त विचारतात तो प्रश्न : आईचा रोग बाळाला लागेल काय? काणी लागलेल्या उसाचे बेणे लावले तर काणी पुढच्या पिकात जाते, हे आपण जाणतो. इथे तसे नाही. आई आणि बाळ यांच्यामध्ये वार असते, ती बहुधा रोगाच्या पेशी पलीकडे जाऊ देत नाही. बाळापर्यंत रोग गेल्याची उदाहरणे जगभरात फारच थोडी आहेत.

दुसरी समजूत अशी, की आईला वाचवायचे तर बाळ सोडावे लागते. नेहमीच तसे नसते. स्तनाच्या कर्करोगात केवळ गर्भ पाडल्याने आईचा रोग बरा होण्यास मदत होते असे दिसलेले नाही. शस्त्रक्रिया गरोदरपणातही करता येते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाचे अवयव घडतात, म्हणून तेव्हा कर्करोगाची शिरेतून देण्याची औषधे टाळतात. चौदा आठवडे उलटल्यावर त्यांतली ठरावीक औषधे देता येतात. बाळंतपणाच्या सुमारे तीन आठवडे आधी ती थांबवतात, म्हणजे आईचे आणि बाळाचे रक्त सावरते. किरणांचा उपचार बहुधा बाळंतपणानंतर. औषधे चालू असताना अंगावर पाजायचे नाही, वरचे दूध द्यावे लागते.

बाळाचे पुढे काय? २०१५ साली युरोपातील अशा १२९ मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. त्यांची बौद्धिक वाढ आणि हृदय इतर मुलांसारखेच आढळले. जी मुले मागे होती त्यांचे कारण मुख्यतः दिवस भरण्याआधीचा जन्म हे होते. म्हणून झेपेल तिथवर डॉक्टर दिवस भरू देतात.

गर्भाशयाच्या तोंडाचा रोग मात्र अवघड. तो वाढलेला असेल आणि दिवस थोडेच गेलेले असतील, तर गर्भ ठेवायचा की नाही हा कठीण प्रश्न उभा राहतो. तो त्या बाईने डॉक्टरांशी बोलून ठरवायचा आहे. सासू, दीर, भाऊबंद यांनी बैठक घालून नव्हे. आणि भीतीपोटी तर मुळीच नव्हे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड करणाऱ्या बायांची २०१९ साली पाहणी झाली, तेव्हा तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. "कॅन्सर होईल" असे भय घातल्याचे त्यांतील अनेकींनी सांगितले. त्यांच्याच हातचा ऊस कारखान्यात जातो, म्हणून ही गोष्ट इथे लिहिली. तपासलेल्या तुकड्याचा कागद हाती आल्याशिवाय कॅन्सर म्हणू नये.

आपल्याला फार लांब जावे लागत नाही. पुलगावमार्गे वर्धा आणि पुढे सेवाग्राम. तेथले कस्तुरबा रुग्णालय १९४५ साली बायामुलांसाठीच सुरू झाले. आसपासच्या गावांकडून ज्वारी घेऊन आरोग्य विमा चालवणारे रुग्णालय म्हणून जुन्या मंडळींना ते आठवत असेल. बाळंतपणाचे आणि कर्करोगाचे डॉक्टर एकाच आवारात असणे हा या दुखण्यात मोठा फायदा, कारण दोघांनी मिळूनच तारखा ठरवायच्या असतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाची शस्त्रक्रिया, औषधे व किरणोपचार येतात. योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, त्याला आधी भेटावे. शिधापत्रिका, आधार कार्ड, गरोदरपणाचे कार्ड आणि आधीच्या सोनोग्राफीचे सर्व कागद सोबत न्यावेत. किती महिने झाले हे त्या कागदांवरूनच नक्की कळते, आणि औषध केव्हा सुरू करायचे ते त्यावरच ठरते.