नळदुर्गाचे मालक

धाराशिव जिल्ह्यातील तुळजापूर तालुक्यात, सोलापूर–हैदराबाद रस्त्याला लागून, बोरी नदीच्या काठी नळदुर्गचा भुईकोट किल्ला उभा आहे. लोककथा त्याचे नाव नळराजाशी जोडते. किल्ल्याची सुरुवात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात झाली असे सांगितले जाते. पुढे बहमनी सुलतानांकडून तो विजापूरच्या आदिलशाहीकडे आला आणि आज दिसणारा भक्कम काळा तट मुख्यतः याच काळात घडला. तटाचा घेर सुमारे तीन किलोमीटरचा असून बुरूज ११४ मोजतात. सर्वांत उंच उपळी बुरूज. तिथून चौफेर मुलूख नजरेत राहतो, म्हणून तोफाही तिथेच चढवल्या.

आदिलशाहीने या किल्ल्याला दिलेली खरी देणगी म्हणजे पाणीमहाल. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीत, १६१३ च्या सुमारास, बोरी नदीवर दगडी बंधारा घातला गेला. मुख्य किल्ला आणि पलीकडच्या काठावरचा रणमंडळ हा जोडकिल्ला या बंधाऱ्यामुळे जोडले गेले. किल्ल्याला बारमाही पाणी मिळाले आणि तटाच्या पायथ्याशी पाण्याचा अडसरही तयार झाला. एवढ्यावर न थांबता बांधणाऱ्यांनी बंधाऱ्याच्या पोटातच दालने काढली. पावसाळ्यात नदी भरली की नर आणि मादी नावाच्या दोन सांडव्यांवरून पाणी कोसळते. आतल्या महालात मात्र माणूस कोरडा उभा राहून समोरून पडणारा लोंढा पाहू शकतो. संरक्षण, पाणीपुरवठा आणि विलास या तिन्ही गरजा एकाच बांधकामात भागवणारी अशी रचना मराठवाड्यात दुसरी नाही.

१६८६ मध्ये विजापूर पडले. त्यानंतर किल्ला मोगलांकडे आणि अठराव्या शतकात हैदराबादच्या निजामाकडे गेला. १८५३ साली मालक पुन्हा बदलला, पण लढाईविना. निजामासाठी इंग्रजांनी ठेवलेल्या कंटिन्जंट फौजेचा खर्च थकला होता. तो भागवण्यासाठी झालेल्या तहात वऱ्हाड, रायचूर दोआब आणि नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या हवाली करण्यात आला. या मुलखाचा कारभार फिलिप मेडोज टेलर या अधिकाऱ्याकडे आला. ठगांच्या जीवनावरील त्याची कादंबरी १८३९ मध्येच गाजली होती. नळदुर्गला राहून त्याने मुलखाच्या मोजणीचे आणि महसुलाचे काम पाहिले. शाही विलासाचा किल्ला या काळात जिल्ह्याच्या कारभाराचे ठिकाण झाला. टेलरने आत्मचरित्रात किल्ल्याचे बारकाईने वर्णन केले आहे. १८६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘तारा’ कादंबरीत त्याने तुळजापूरचा परिसर रंगवला. हे लेखन मागे राहिले नसते, तर त्या काळच्या नळदुर्गचे चित्र बरेच पुसट झाले असते.

१८५७ मध्ये टेलरची वऱ्हाडात बदली झाली. त्याच वर्षीच्या उठावात निजामाने इंग्रजांना साथ दिली होती. तिची परतफेड म्हणून १८६० मध्ये नळदुर्गचा मुलूख त्याला परत मिळाला. निजामी राज्यात हा जिल्हा बराच काळ नळदुर्ग याच नावाने ओळखला जाई. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जिल्ह्याचे नाव उस्मानाबाद झाले आणि नळदुर्गचे महत्त्व ओसरले. किल्ल्यातील एका इमारतीचे मुन्सिफ कोर्ट हे नाव तेवढे जुन्या कचेरीची आठवण देते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी किल्ल्याला अखेरचे युद्ध दिसले. हैदराबादवरील कारवाईत भारतीय सैन्य सोलापूरकडून आले आणि पहिली मोठी चकमक इथेच झाली. बोरीवरील पूल शाबूत हाती पडल्याने पुढची वाट मोकळी झाली. चार दिवसांनी निजामाने शरणागती पत्करली. हैदराबाद राज्यातून १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात, असा किल्ल्याचा पत्ता तेवढा बदलत गेला.

किल्ला सांभाळायचा कोणी, हा प्रश्न मात्र राहिलाच. इंग्लंडमध्ये वारसा कर आणि देखभालीचा बोजा पेलवेनासा झाल्यावर विसाव्या शतकात अनेक सरदार घराण्यांनी आपले वाडे नॅशनल ट्रस्टच्या स्वाधीन केले. काही वाड्यांत शाळा किंवा रुग्णालये निघाली. नळदुर्गला असा धनी नव्हता. राज्य संरक्षित स्मारक म्हणून तो शासनाच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे, पण तट सांभाळायला लागणारा पैसा सरकारी तिजोरीतून पुरेसा येत नव्हता. म्हणून २०१४ मध्ये ‘महाराष्ट्र वैभव’ योजनेखाली देखभाल आणि पर्यटन सोयींचे काम सोलापूरच्या एका खासगी कंपनीकडे सोपवण्यात आले. मालकी मात्र शासनाचीच राहिली.