छोट्या गाडीचा बेत : आधी साध्य, मग साधन

मागच्या व्याख्यानात आपण ॲरिस्टॉटलच्या व्यवहारज्ञानाविषयी बोललो. शेवटी एका श्रोत्यांनी विचारलं, ‘सर, हे सगळं ठीक आहे, पण घरच्यांना घेऊन माथेरानच्या छोट्या गाडीला जायचंय, त्यात हा ॲरिस्टॉटल कुठे येतो?’ सभागृहात हशा झाला. आम्हीही हसलो. पण घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न अगदी नेमका होता. म्हणून आज त्यावरच बोलू.

ॲरिस्टॉटल म्हणतो, जे आपल्या हातात आहे आणि जे वेगळंही होऊ शकतं, त्याबद्दलच माणूस विचारविनिमय करतो. पाऊस कधी पडेल यावर आपण मसलत करत नाही. छत्री न्यायची की नाही यावर करतो. दुसरी गोष्ट तो सांगतो ती अशी, की मसलत साधनांची असते, साध्याची नव्हे. रोग्याला बरं करावं की नाही यावर वैद्य खल करत नाही. ते ठरलेलंच असतं.

कुटुंबाच्या सहलीत नेमकं इथंच अडतं, कारण साध्य ठरलेलं नसतं. आपण फक्त ते ठरलंय असं धरून चालतो.

आधी ही गाडी समजून घेऊ. नेरळ ते माथेरान हा मार्ग १९०७ मध्ये सुरू झाला. सर आदमजी पीरभॉय यांचा पैसा आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन यांची चिकाटी, यांतून तो उभा राहिला. दोन रुळांमधलं अंतर अवघं दोन फूट. का? तर अरुंद रुळांना डोंगराच्या कडेने आखूड वळणं घेता येतात आणि खोदकाम कमी लागतं. निलगिरीच्या गाडीला चढावर दात्यांचा रूळ आहे, तसा इथे नाही. चाकं आणि रूळ यांच्या पकडीवरच सगळी चढण. कुठे कुठे चढ वीसास एक, म्हणजे वीस फूट पुढे गेलं की एक फूट वर. फार उभं चढणं अशा पकडीवर अवघड, म्हणून गाडी वळसे घेते. सुमारे एकवीस किलोमीटरला दोन-अडीच तास लागतात ते यामुळे. जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज आणि मग माथेरान. वाटेत एकुलता एक बोगदा, त्याचं नाव ‘वन किस’. तो किती लांब असेल ते नावावरून ओळखा!

आता आमची चूक सांगतो. एप्रिल २०१६ मध्ये आम्ही घरचे सात जण निघालो. आमचे थोरले बंधू, दादा, तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. लहानपणी वडिलांनी त्यांना वाफेच्या इंजिनाच्या गाडीतून वर नेलं होतं. आम्ही मुक्कामाची जागा, जेवण, फिरायचे पॉइंट, सगळं कागदावर उतरवलं. नेरळला मात्र उशिरा पोचलो. गाडीचे डबे मोजके, फेऱ्या मोजक्या, तिकिटं संपलेली. आम्ही म्हटलं, काही बिघडत नाही, टॅक्सी करू. टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते. पुढे गावात मोटारींना बंदी. तिथून दादांना चालवेना, घोड्यावर बसवेना. हातरिक्षा दिसली, तर ते म्हणाले, ‘माणसानं ओढलेल्या गाडीत मी बसणार नाही.’ शेवटी आम्ही दोघं झाडाखाली बसलो आणि बाकीची मंडळी पुढे गेली. तेव्हा दादा सहज बोलले, ‘अरे, मला वरचं काही बघायचं नव्हतं. मला फक्त त्या गाडीत बसायचं होतं.’

म्हणजे बघा, आमच्या लेखी गाडी हे साधन होतं आणि माथेरान हे साध्य. दादांच्या लेखी गाडी हेच साध्य. साधन असेल तर ते बदलता येतं, गाडी नाही तर टॅक्सी. साध्य असं बदलता येत नाही. आणि त्यांना ते आधी विचारावं, हे सात जणांत कुणालाही सुचलं नव्हतं.

‘पुढच्या वर्षी नक्की’, आम्ही म्हटलं. मे २०१६ मध्ये गाडी रुळांवरून घसरण्याचे प्रकार झाले आणि सेवा बंद पडली. ती दीड वर्षाहून अधिक काळ बंद राहिली. दादा २०१७ मध्ये गेले.

म्हणून आता बेत कसा करावा, ते क्रमाने सांगतो.

पहिलं, घरातल्या प्रत्येकाला वेगवेगळं विचारा, की तुला यातलं काय हवंय. नातवाला इंजिन हवं असेल, सुनेला दोन दिवस स्वयंपाकातून सुट्टी, आजींना मोकळी हवा. उत्तरं जुळत नाहीत. जुळायचं कारणही नाही. पण कशाला पर्याय चालेल आणि कशाला नाही, हे कळतं.

दुसरं, ऋतू. साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत नेरळ ते अमन लॉज गाडी बंद असते. तेव्हा अमन लॉज ते माथेरान एवढी शटल चालते. दस्तुरी नाक्याहून अमन लॉज जवळच आहे, म्हणून ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी ही शटल मोठा आधार. २०१९ च्या पावसानंतर मार्ग २०२२ पर्यंत बंद होता, हेही ध्यानात ठेवा. निघण्यापूर्वी त्या दिवसाचं वेळापत्रक तपासाच.

तिसरं, गाडी हेच कुणाचं साध्य असेल, तर नेरळला भरपूर आधी पोचा. मुंबईहून कर्जत किंवा खोपोली लोकल. पुण्याहून कर्जतला उतरून मुंबईच्या दिशेची लोकल. दोन्ही वेळची गाडी जमत नसेल, तर वर जाताना गाडी आणि उतरताना टॅक्सी ठेवा. उलटं केलंत आणि वर तिकिटं मिळाली नाहीत, तर काहीच हाती लागत नाही.

चौथं, अंगाची काळजी. वळणांनी मुलांना मळमळतं, औषध जवळ असू द्या. डब्यात स्वच्छतागृह असेल असं धरू नका. सामान एका हाताने उचलेल एवढंच. आणि खाऊ पिशवीच्या तळाशी, कारण माकडांना साध्य आणि साधन यांतला फरक आपल्यापेक्षा चांगला कळतो.

एवढं करूनही गाडी चुकू शकते. ते आपल्या हातात नाही आणि त्याची खंतही करू नये. विचारणं मात्र आपल्या हातात होतं. आम्हाला आजही टोचतं ते तिकीट न मिळाल्याचं नाही, तर न विचारल्याचं.

तेव्हा आज घरी गेल्यावर वेळापत्रक उघडण्याआधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाजवळ जरा बसा आणि विचारा. प्रश्न असतील तर आता घेऊ.