रिव्हर्स टाकल्यानंतरची दोन सेकंदं

उसाचा हंगाम सुरू झाला, की कोल्हारमध्ये घरासमोरची गाडी मागे घेऊन नगर-मनमाड रस्त्यावर आणणं हे सकाळचं कटकटीचं काम होऊन बसतं. रस्त्यावर ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग, अंगणात सायकल, पाण्याचा ड्रम आणि एखादं नुकतं चालायला लागलेलं पोर. चालकाची भिस्त डॅशबोर्डवरच्या पडद्यावर. आणि नेमकं तेव्हाच त्या पडद्यावर कंपनीचं बोधचिन्ह गोल गोल फिरत असतं. घाईत असलेला माणूस वाट पाहत नाही, ब्रेक सोडतो.

ताशी फक्त पाच किलोमीटर वेगाने मागे जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे १.४ मीटर सरकते. पडदा उजळायला वीस सेकंदं लागली, तर तेवढ्यात तिने जवळपास २८ मीटर अंतर कापलेलं असेल. अंगण तेवढं लांब नसतं.

या प्रश्नावर अमेरिकेत कायदा झाला, तो एका मुलाच्या नावाने. २००२ मध्ये न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडमध्ये दोन वर्षांचा कॅमेरॉन गुलब्रान्सन घराच्या आवारात वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडला. वडील स्वतः बालरोगतज्ज्ञ. २००८ मध्ये कायदा झाला, तरी नियम पूर्ण लागू व्हायला १ मे २०१८ उजाडलं. नियम म्हणतो, की रिव्हर्स गिअर पडल्यापासून दोन सेकंदांत मागचं चित्र दिसलंच पाहिजे.

दोन सेकंदं ऐकायला सोपी वाटतात. पण आजच्या गाडीतला पडदा म्हणजे एक संगणकच. त्यावर नकाशा, गाणी, फोन, सगळं चालतं आणि त्यासाठी बहुधा अँड्रॉइड किंवा लिनक्स असतं. ते जागं होताना आधी हार्डवेअर तपासतं, मग गाभा, मग डझनावारी सेवा सुरू करतं. मोबाइल बंद करून चालू केला, तर किती वेळ जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. कॅमेऱ्याचा नंबर या रांगेत शेवटी लागला, तर घात.

इथे व्हर्च्युअलायझेशन कामाला येतं. कल्पना जुनी आहे. आयबीएमने १९६०च्या दशकात मोठ्या संगणकांसाठी ती वापरली. एका छताखाली दोन चुली मांडाव्यात, तसा हा प्रकार. चिप एकच, पण हायपरव्हायजर नावाचं छोटं सॉफ्टवेअर सर्वांत आधी उठून तिच्या मेमरीच्या आणि प्रोसेसरच्या वाटण्या करतं. एका चुलीवर क्यूएनएक्ससारखी आटोपशीर, वेळ पाळणारी प्रणाली असते. तिच्याकडे कॅमेरा आणि स्पीडोमीटर एवढीच कामं, म्हणून ती झटकन उठते. दुसऱ्या चुलीवर अँड्रॉइड सावकाश तापत राहतं. गाडी रिव्हर्समध्ये असेपर्यंत पडदा पहिलीच्या ताब्यात असतो. मोठा फायदा पुढेच आहे: गाण्यांचं ॲप अडकून अँड्रॉइड कोलमडलं, तरी कॅमेरा चालू राहतो.

दुसरे मार्गही आहेत. कॅमेऱ्यासाठी वेगळी चिप बसवली, तर खर्च वाढतो. यंत्रणा पूर्ण बंदच न करता झोपवून ठेवली, तर बॅटरी थोडी थोडी खर्च होत राहते. एकाच चिपमध्ये वाटणी करणं म्हणूनच कंपन्यांना परवडतं. गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करणारे अभियंते फार लांब नाहीत, केपीआयटीसारखी कंपनी पुण्यात हिंजवडीत आहे.

भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले. सेन्सर फक्त टुकटुक करतो, मागे काय आहे ते सांगत नाही. लहान किंवा जमिनीलगतची वस्तू त्याच्याकडून सुटूही शकते. बाहेरच्या दुकानातून बसवलेल्या स्वस्त पडद्यांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यातले काही पूर्ण सुरू झाल्याशिवाय कॅमेरा दाखवतच नाहीत.

आपली गाडी कशी आहे ते घरीच तपासता येतं. रात्रभर बंद असलेली गाडी मोकळ्या जागेत सकाळी सुरू करावी, ब्रेकवरचा पाय न काढता लगेच रिव्हर्स टाकावा आणि सेकंद मोजावेत. त्याआधी मात्र कॅमेऱ्याच्या भिंगावरचा चिखल पुसून घ्यावा.