अशोक मेहता आणि भंडाऱ्याची 1954 ची पोटनिवडणूक

भावनगर येथे 1911 मध्ये जन्मलेले अशोक मेहता यांची राजकीय जडणघडण मुंबईच्या कामगार चळवळीत झाली. परंतु लोकसभेचे दार त्यांच्यासाठी उघडले ते भंडाऱ्याने. 1948 मध्ये स्थापन झालेल्या हिंद मजदूर सभा या मध्यवर्ती कामगार संघटनेच्या संस्थापकांत ते होते. 1950 मध्ये बोनससाठी सुमारे दोन लाख गिरणी कामगारांनी दोन महिने केलेल्या संपाचे त्यांनी नेतृत्व केले. तथापि 1946 च्या औद्योगिक संबंध कायद्यानुसार वाटाघाटींचा अधिकार काँग्रेसप्रणीत राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे असल्याने संप फसला.

1952 च्या निवडणुकीत समाजवादी पक्ष व शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन यांच्या युतीतर्फे मेहता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मुंबई शहर उत्तर या द्विसदस्यीय मतदारसंघात उभे राहिले आणि दोघेही पराभूत झाले. द्विसदस्यीय मतदारसंघात एक जागा सर्वसाधारण व एक राखीव असे आणि मतदाराला दोन मते असत. दुसरे मत जाणूनबुजून वाया घालवणे यालाच ‘मत कुजवणे’ म्हटले जाई.

तेव्हा मध्य प्रदेश राज्यात असलेला भंडाराही असाच मतदारसंघ होता. तेथून निवडून आलेले काँग्रेसचे चतुर्भुज जसानी ज्या विडी कंपनीचे भागीदार होते, तिचा सरकारला विडी पुरवण्याचा करार असल्याने सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये त्यांना अपात्र ठरवले. शिवाय महानुभाव पंथात गेल्याने महार जातीतील स्थान संपत नाही, म्हणून राखीव जागेवरील एका उमेदवाराचा अर्ज चुकीने फेटाळला गेला, असे सांगून संपूर्ण निवडणूकच रद्द केली. त्यानंतरच्या पोटनिवडणुकीत मेहता सर्वसाधारण जागेवर विजयी झाले, तर राखीव जागेवर डॉ. आंबेडकरांना काँग्रेसचे भाऊराव बोरकर यांच्याकडून पराभव पत्करावा लागला.

1957 मध्ये मेहता बिहारमधील मुझफ्फरपूरमधून निवडून आले. विरोधकांनीही विकासकार्यात सरकारशी सहकार्य करावे, ही त्यांची भूमिका त्यांना 1963 मध्ये नियोजन आयोगाच्या उपाध्यक्षपदापर्यंत व पुढे काँग्रेसमध्ये घेऊन गेली. तरी चेकोस्लोव्हाकियावरील सोव्हिएत आक्रमणाच्या प्रश्नावर 1968 मध्ये त्यांनी केंद्रीय मंत्रिपद सोडले. पंचायतराजविषयक समितीचा 1978 चा अहवाल हे त्यांचे अखेरचे मोठे कार्य ठरले, आणि 1984 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या पद्धतीने त्यांना भंडाऱ्यात विजय दिला, ती द्विसदस्यीय मतदारसंघांची पद्धत त्यापूर्वीच, 1961 च्या कायद्याने, संपुष्टात आली होती.