भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी

दहावी 'ब', १९९४ ची बॅच. तुकडीत आम्ही ५८ जण. तीन वर्षांपूर्वी पहिल्यांदा गेट-टुगेदरचा विषय निघाला, तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर ३१ जण होते आणि त्यात मुली फक्त चार. उरलेल्यांना शोधायचं काम मी अंगावर घेतलं. दोन महिने रात्रीची जेवणं उरकली की यादी आणि पेन घेऊन फोन लावत बसायचे. त्या दिवसांत जे समज कानावर पडले, त्यांतले बरेचसे खोटे निघाले. काही तर माझेच होते.

गैरसमज : इतक्या वर्षांनी फोन केला तर समोरच्याला वाटणार, हिचं काहीतरी काम असणार.

पहिला नंबर मी दोनदा लावला आणि दोनदा कट केला. पॉलिसी विकायला किंवा उसने पैसे मागायला फोन केला असं वाटलं तर? ही धास्ती माझ्या एकटीची नाही. लारा ॲकनिन आणि जिलियन सँडस्ट्रॉम या मानसशास्त्रज्ञांनी २०२४ साली यावरच एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांना जुन्या मित्राशी बोलायचं होतं, ज्यांच्याकडे त्याचा नंबर होता, ज्यांनी मेसेज लिहूनही ठेवला होता, त्यांच्यातल्याही एक तृतीयांशापेक्षा कमी लोकांनी तो पाठवला. मग काही जणांना आधी थोडा वेळ रोजच्या मित्रमंडळींना मेसेज करायला सांगितलं, तेव्हा हे प्रमाण निम्म्याच्या वर गेलं. मला हा अभ्यास नंतर कळला, पण नकळत मीही तेच केलं होतं. आधी बहिणीला फोन करायचा, चार शब्द बोलायचे आणि त्याच ओघात यादीतला पुढचा नंबर लावायचा.

आणि समोरच्याला काय वाटतं? पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांच्या २०२२ च्या प्रयोगांतून दिसलं, की आपण आठवण काढली याचा समोरच्याला जेवढा आनंद होतो, तेवढा आपण धरूनच चालत नाही. आणि आठवण अवचित असेल तर आनंद आणखी जास्त. माझ्या कानात अजून एक आवाज आहे : "अगं, तू? थांब, गॅस बंद करून येते." मग पाऊण तास. एका नंबरवर मात्र बायकोनं फोन घेतला आणि सांगितलं, त्यांना जाऊन चार वर्षं झाली. त्या रात्री पुढचा फोन लावला नाही.

गैरसमज : मुलींना शाळेच्या मैत्रीची ओढ राहत नाही, संसारात पडल्या की संपलं.

हे ग्रुपवर उघड लिहिलं जायचं आणि मला फार लागायचं. मुली येत नाहीत, कारण त्या सापडत नाहीत. लग्नात आडनाव बदलतं. आमच्या पिढीत पुष्कळ घरांत नावही बदललं. लग्नातल्या लक्ष्मीपूजनाला ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं. मग फेसबुकवर हजेरीपटातलं नाव टाकलं की मुलगा सापडतो, मुलगी नाही. तिच्यापर्यंत जाणारा रस्ता माहेरावरून जातो. एकीच्या माहेरचं किराणा दुकान अजून चालू होतं. गल्ल्यावर भाऊ. "कशाला पाहिजे नंबर?" त्याचं बरोबरच होतं. मी माझाच नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. रात्री साडेनऊला तिचा फोन आला.

नंबर मिळाले तरी दिवस चुकला तर सगळं फुकट. मुलांनी पाडवा ठरवला होता, कारण पुण्या-मुंबईचे सगळे दिवाळीला गावी येतात. पण पाडव्याला बायकोनं नवऱ्याला ओवाळायचं असतं, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. सासरच्या घरातून ती कशी निघणार? आणि ठिकाण काय, तर महाबळेश्वरचं हॉटेल, रात्रीचा मुक्काम, माणशी अडीच हजार. मी म्हटलं, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ठेवा. त्या दिवशी मुली माहेरी असतात, म्हणजे आपल्याच गावात. शाळेच्या हॉलमध्ये, दहा ते चार, माणशी तीनशे रुपये, आचारी गावातलाच, मुलंबाळं आणली तरी चालतील. बावीसपैकी पंधराजणी आल्या.

त्या दिवशी शाळेतल्या आमच्या बाईंनी हजेरी घेतली, जुन्या नावांनी. एक मैत्रीण, जिचं नावही लग्नात बदललं होतं, तिचं नाव वडिलांच्या नावासकट पुकारलं गेलं. ती बसूनच राहिली. माझ्याकडे पाहिलं. मग बाकाला धरून उठली आणि म्हणाली, "हजर, बाई." शेजारी तिची बारावीतली लेक होती. आईचं हे नाव कुणी असं मोठ्यानं घेतलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

गैरसमज : चेहरे ओळखूच येणार नाहीत.

येतात. मानसशास्त्रज्ञ हॅरी बॅरिक आणि सहकाऱ्यांनी शाळा सोडून गेलेल्या ३९२ जणांना तपासलं (अभ्यास १९७५ चा), तर जवळजवळ ३५ वर्षांनंतरही जुन्या फोटोंतले वर्गमित्रांचे चेहरे सुमारे ९० टक्के बरोबर ओळखले गेले. अडतं ते नावाशी. म्हणून छातीवर नावाची पट्टी लावा, ठळक अक्षरांत, आणि मुलींच्या पट्टीवर दोन्ही नावं.

गैरसमज : कोण किती मार्कांचा, कोण कुठे पोचला, याचंच मोजमाप होणार.

"मी दोनदा नापास झालेला, मी येऊन काय करू?" हे मला तिघांनी विचारलं. खरं सांगायचं तर मार्क स्वतःचेही नीट लक्षात राहत नाहीत. बॅरिक यांनीच १९९६ मध्ये ९९ कॉलेज विद्यार्थ्यांना शाळेतल्या श्रेणी आठवायला सांगितल्या आणि त्या नोंदींशी ताडून पाहिल्या. 'ए' श्रेणी ८९ टक्के वेळा बरोबर आठवली, 'डी' फक्त २९ टक्के. आणि चुका बहुतेक वरच्या बाजूला. दुसऱ्याचे मार्क तीस वर्षं कोण सांभाळणार? मोजमाप मुळीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. पहिला अर्धा तास नोकरी, फ्लॅट, मुलं काय करतात, हे चालतं. पंगत बसली की ते थांबतं. त्या तिघांतला एक एसटीवर ड्रायव्हर आहे. ड्युटी संपवून खाकी कपड्यांतच आला आणि शेवटपर्यंत थांबला.

गैरसमज : जो येत नाही तो शिष्ट झालाय.

एकजण आला नाही. फी थकली म्हणून त्याला आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं, पावसाळा होता. आम्ही आत बाकावर होतो आणि आमच्यापैकी कुणीही काही बोललं नव्हतं. "त्या इमारतीत मी पाऊल ठेवणार नाही," तो म्हणाला, "पण तुम्ही घरी या." मी आग्रह केला नाही. शाळा सगळ्यांनाच गोड आठवते असं धरून बोलावणं करणं, हा त्याच्यावर दुसऱ्यांदा अन्याय झाला असता. आठ दिवसांनी आम्ही चौघं त्याच्या घरी चहाला गेलो. त्या पावसाबद्दल बोललो. अंधार पडेपर्यंत बसलो होतो.

यादीत आता पाच नावं उरली आहेत, पाचही मुलींची. एकीचा भाऊ चिपळूणला असतो असं कळलं. त्याचा नंबर परवा मिळालाय.